नेत्याने सांगितलेला वंश खरा की खोटा, हे तपासता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कमला हॅरिस यांची आई तमिळ आणि वडील जमैकाचे, मग त्यांना भारतीय म्हणायचं की कृष्णवर्णीय? सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपले पूर्वज मूलनिवासी होते हे दाखवायला डीएनए चाचणी करून घेतली, तरी वाद मिटायचा सोडून आणखी चिघळला, तो का? आणि अमेरिकेत नेत्याने सांगितलेला वंश पडताळून देणारी, आपल्या जात पडताळणी समितीसारखी काही यंत्रणा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत लहान आहे, म्हणून ते आधी देते. अशी यंत्रणा नाही. मूलनिवासी जमाती आपापल्या सदस्यांच्या याद्या ठेवतात. त्या आणि मूलनिवासी रक्ताच्या अंशाचा दाखला देणारं केंद्र सरकारचं कार्यालय सोडलं, तर अमेरिकेत कोणाला वंशाचं वैधता प्रमाणपत्र देणारं कार्यालय नाही.

मी गेली २२ वर्षं अमेरिकेतल्या कुटुंबांचे जुने कागद शोधण्याचं काम करते. जनगणनेची पानं, जन्म-मृत्यूचे दाखले, जहाजांच्या प्रवासी याद्या, नागरिकत्वाचे अर्ज. निवडणुका आल्या की वृत्तपत्रांकडूनही काम येतं: उमेदवार म्हणतो त्याचे आजोबा अमुक ठिकाणाहून आले, जरा बघून सांगा. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. ‘हा नेता खरंच त्या वंशाचा आहे का?’ या एका वाक्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात. पूर्वज कोण होते, कुठून आणि कधी आले, हा पहिला. तो कागदावर सुटतो. एखाद्या समाजाचा तो सदस्य आहे का, हा दुसरा. त्याचं उत्तर तो समाज देतो. आणि तो स्वतःला काय मानतो, लोक त्याला काय समजून वागवतात, हा तिसरा. हे कुठल्याही दप्तरात सापडत नाही, माणूस कसा जगला त्यावरून कळतं. बहुतेक वाद पेटतात ते एक प्रश्न विचारून दुसऱ्याचं उत्तर पुढे केल्यामुळे.

पहिल्या प्रकारात मला कसलीही भीड वाटत नाही. मार्को रुबिओ यांच्या सिनेटच्या संकेतस्थळावर लिहिलेलं होतं की फिडेल कास्त्रोंनी सत्ता घेतल्यानंतर त्यांचे आईवडील क्यूबाहून अमेरिकेत आले. कास्त्रो सत्तेवर आले जानेवारी १९५९ मध्ये. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने कागद काढून दाखवलं की ते मे १९५६ मध्येच आले होते. आपण घरात ऐकलेल्या हकिकतीवर विसंबून होतो, असं रुबिओ म्हणाले. मला ते पटण्यासारखं वाटतं, कारण घरोघरी तारखा अशाच सरकतात. पण क्रांतीमुळे परागंदा झालेलं कुटुंब या प्रतिमेला मियामीच्या राजकारणात वजन होतं, त्यामुळे तारीख तपासणं योग्यच होतं.

जॉर्ज सँटोस यांचं प्रकरण याहून सरळ आहे. आईकडचे आजी-आजोबा ज्यूंच्या छळातून जीव वाचवून पळाले, असं सांगत ते नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधून काँग्रेसवर निवडून आले. आजी-आजोबा दोघेही ब्राझीलमध्ये जन्मल्याचं नोंदींतून निघालं. ११ सप्टेंबर २००१ ला आपली आई ट्रेड सेंटरच्या इमारतीत होती, असंही ते म्हणत. तिच्या स्थलांतराच्या कागदांवरून ती त्या वर्षी अमेरिकेतच नव्हती. इतर अनेक आरोपांसह हे सगळं बाहेर आलं आणि १ डिसेंबर २०२३ ला सभागृहाने त्यांना काढून टाकलं. इथे ज्यू असणं म्हणजे काय, यावर चर्चा करायची गरजच नव्हती. मुद्दा होता तो कोण कुठे जन्मलं एवढाच.

अडचण सुरू होते ती वंशाच्या रकान्यापाशी. जन्मस्थळ, जन्मतारीख आणि वंश एकाच दाखल्यावर एकाच शाईने लिहिलेले असतात, त्यामुळे तिन्ही गोष्टी सारख्याच पक्क्या आहेत असं वाटतं. तसं नसतं. १९६० पर्यंत अमेरिकेच्या जनगणनेत माणसाचा वंश सर्रास प्रगणक लिहायचा. तो दारात यायचा, चेहरा पाहायचा, शेजारपाजार बघायचा आणि अक्षर टाकून पुढच्या दाराशी जायचा. रकान्यात कोणती अक्षरं चालतील, हेही दर काही वर्षांनी बदलायचं. १९२० मध्ये ‘मुलाटो’ म्हणजे मिश्र वंशाचा, ही नोंद चालत होती. १९३० मध्ये ती काढून टाकली. कृष्णवर्णीय रक्ताचा अंश असेल तर ‘निग्रो’ लिहा, मग तो अंश कितीही थोडा असो, अशी सूचना आली.

भारतीयांचं उदाहरण घ्या, म्हणजे हे किती डळमळीत होतं ते कळेल. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश होता. कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी शीखसुद्धा त्यातच मोजले जात. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व मिळणार नाही. १९७० च्या जनगणनेत भारतीय चक्क गोऱ्यांमध्ये मोजले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा वेगळा पर्याय आला. कुटुंब तेच, रक्त तेच, आणि साठ वर्षांत रकाने तीन.

म्हणून २०२० मध्ये कमला हॅरिस यांचा १९६४ चा जन्मदाखला समाजमाध्यमांवर फिरू लागला, तेव्हा मला वाईट वाटलं पण आश्चर्य वाटलं नाही. त्यावर वडिलांच्या वंशापुढे ‘जमैकन’ आणि आईच्या वंशापुढे ‘कॉकेशियन’ असं लिहिलेलं आहे. लोकांनी तो ‘बघा, पुरावा सापडला’ म्हणून फिरवला. त्या दाखल्यावरून सिद्ध काय होतं? १९६४ साली ओकलंडमध्ये भारतीय बाईसाठी त्या चौकटीत कोणता शब्द लिहिला गेला, एवढंच. श्यामला गोपालन त्या शब्दामुळे युरोपीय होत नाहीत आणि डोनाल्ड हॅरिस ‘जमैकन’ लिहिल्यामुळे कृष्णवर्णीय नसलेले ठरत नाहीत.

यात मी स्वतः चुकले आहे. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका कुटुंबाच्या पणजोबांची १९२० ची नोंद ‘मुलाटो’ आणि १९३० ची ‘गोरा’ अशी मिळाली. मी अहवालात लिहून टाकलं की या माणसाने मधल्या काळात आपला वंश लपवला. त्यांची नात, तेव्हा ऐंशीच्या पुढची, तिने मला फोन करून फक्त एवढं विचारलं, “ते अक्षर त्यांनी लिहिलं होतं का?” मी पुन्हा पानं काढली. दोन्ही वेळचे प्रगणक वेगळे होते, आणि मधल्या काळात घर दुसऱ्या वस्तीत गेलेलं होतं. त्या माणसाने काही लपवलं असेलही, पण माझ्या हातात त्याचा पुरावा नव्हता. तेव्हापासून मी अहवालात ‘होता’ असं लिहीत नाही, ‘अशी नोंद आहे’ असं लिहिते.

नोंद करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, हेही गृहीत धरता येत नाही. व्हर्जिनियात वॉल्टर प्लेकर नावाचे निबंधक १९१२ ते १९४६ एवढा काळ जन्म-मृत्यूच्या नोंदींचे प्रमुख होते. १९२४ च्या वांशिक शुद्धतेच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी मूलनिवासी कुटुंबांना ‘कलर्ड’ म्हणजे कृष्णवर्णीय म्हणून नोंदवायला लावलं. कागदावर त्या जमाती जवळजवळ पुसल्या गेल्या. पुढे केंद्र सरकारची मान्यता मागताना सलग इतिहासाचे पुरावे द्या म्हटलं, तर पुरावे आणायचे कुठून? व्हर्जिनियातल्या सहा जमातींना शेवटी काँग्रेसच्या कायद्याने मान्यता मिळाली, ती जानेवारी २०१८ मध्ये. आणि गुलाम केल्या गेलेल्या लोकांचं तर १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नावच नाही; मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग, बस. जनगणनेत त्यांची नावं सरसकट येतात ती १८७० पासून. गोऱ्या उमेदवाराची वंशावळ सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येते आणि कृष्णवर्णीय उमेदवाराची १८७० पाशी अडते, ती याच कारणाने. त्याच्या कुटुंबाकडे सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ काढू नका.

आता हॅरिस यांच्याबद्दल सरळ उत्तर. ३१ जुलै २०२४ ला शिकागोमध्ये, कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात, डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की त्या आधी फक्त भारतीय वारसाच सांगायच्या आणि मग अचानक कृष्णवर्णीय ‘झाल्या’. ही काळाबद्दलची विधानं आहेत, त्यामुळे तपासता येतात. त्या शिकल्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, जे कृष्णवर्णीयांसाठीचं ऐतिहासिक विद्यापीठ आहे, आणि १९८६ मध्ये पदवी घेतली. अल्फा कॅपा अल्फा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेत त्या तिथेच गेल्या. कुठलीही निवडणूक लढवण्याच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी आहेत. आई भारतीय असल्याचंही त्यांनी कधी दडवलं नाही. तेव्हा ‘झाल्या’ हा दावा खोटा आहे. ‘दोन्हींपैकी नक्की कोण’ हा प्रश्न उरतो, पण त्या चौकटीत एकच खूण करा ही सक्ती २००० च्या जनगणनेपासून राहिलेली नाही. बराक ओबामांची आई कॅन्ससची गोरी आणि वडील केनियाचे. २०१० च्या जनगणनेत त्यांनी तरीही एकच खूण केली, कृष्णवर्णीय. दोन नेते, दोन पद्धती, आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही. हा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे आणि त्यात बाहेरच्याने शिक्का मारायला काही जागा नाही.

वॉरन यांची चूक मात्र वेगळी आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ओक्लाहोमातल्या त्यांच्या घरात आईकडून चेरोकी या मूलनिवासी जमातीचे पूर्वज असल्याची गोष्ट सांगितली जायची. १९८६ मध्ये टेक्सासच्या वकील मंडळाच्या कार्डावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘अमेरिकन इंडियन’ असं लिहिलं, आणि कायद्याच्या प्राध्यापकांच्या सूचीतही काही वर्षं त्यांचं नाव अल्पसंख्याकांमध्ये होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी डीएनए अहवाल प्रसिद्ध केला: साधारण सहा ते दहा पिढ्यांमागे एक मूलनिवासी पूर्वज असावा. म्हणजे चौसष्टावा ते एक हजार चोविसावा हिस्सा. त्या अहवालात तुलनेसाठी वापरलेले नमुने मेक्सिको, पेरू आणि कोलंबियातल्या लोकांचे होते, कारण अमेरिकेतल्या जमातींचे नमुने पुरेसे उपलब्ध नव्हते.

चेरोकी नेशनने, म्हणजे त्या जमातीच्या स्वतःच्या सरकारने, त्याच दिवशी आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. तिथलं नागरिकत्व रक्ताच्या टक्केवारीवर ठरत नाही. १८९८ नंतर सरकारने डॉज रोल्स नावाच्या याद्या केल्या. त्यांत नोंदवलेल्या चेरोकी माणसाचा थेट वंशज असल्याचं कागदाने दाखवावं लागतं. तो हक्क आहे, कर्तव्य आहे, तिथे मतदान आहे, न्यायालयं आहेत. वॉरन यांनी दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही प्रयोगशाळेतून. फेब्रुवारी २०१९ च्या सुमारास त्यांनी चेरोकी नेशनची माफी मागितली. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं: या दाव्यामुळे त्यांना हार्वर्डची नोकरी मिळाली, हा आरोप ‘बोस्टन ग्लोब’ने २०१८ मध्ये कागद आणि मुलाखतींमधून तपासला आणि नेमणुकीत त्याचा विचार झाला नव्हता असा निष्कर्ष काढला. माझ्या मते इथला खरा दोष घरातली गोष्ट खरी मानण्यात नव्हता. ती गोष्ट, जिवंत आणि स्वतःचं सरकार असलेल्या समाजाला न विचारता, एका अधिकृत कार्डावर चढवण्यात होता. तुलनेसाठी चार्ल्स कर्टिस पाहा. १९२९ ते १९३३ या काळातले हे उपराष्ट्राध्यक्ष कॉ (Kaw) या मूलनिवासी जमातीचे होते, लहानपणी काही काळ जमातीच्या राखीव प्रदेशात राहिलेले होते. त्यांना चाचणीची गरज पडली नसती. त्यांचे लोक त्यांना ओळखत होते.

डीएनएबद्दल एवढं लक्षात ठेवा: दर पिढीला वारसा अर्धा होतो. दहा पिढ्यांमागे वंशावळीत १,०२४ जागा असतात, आणि त्यातल्या अनेकांचा एकही तुकडा आज तुमच्यात नसतो. म्हणून चाचणीत काही सापडलं नाही, म्हणजे इतका लांबचा पूर्वज नव्हताच असं म्हणता येत नाही. जवळच्या पिढ्यांसाठी मात्र ती उपयोगी पडते. १९२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार वॉरन हार्डिंग यांच्या घराण्यात कृष्णवर्णीय रक्त असल्याची पत्रकं वाटली गेली; त्या पत्रकांच्या पाठीमागे विल्यम चॅन्सेलर नावाचे ओहायोतले प्राध्यापक होते. २०१५ मध्ये हार्डिंग यांच्या वंशजांच्या आणि नातेवाइकांच्या चाचण्यांतून जवळच्या पिढ्यांत आफ्रिकी पूर्वज असल्याची खूण मिळाली नाही. आफ्रिकी पूर्वज असणं हा आरोपच कसा काय, हे विचारायला मात्र प्रयोगशाळा पुरत नाही. ९५ वर्षांनी तो आरोप खोडून काढताना आपण नकळत ‘आरोप’ हा शब्द मान्य करतो, आणि हे मला दर वेळी टोचतं.

सर्वांत जपून बोलावं लागतं ते घरातल्या मौनाबद्दल. मॅडेलिन ऑलब्राइट १९९७ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या आणि त्याच सुमारास एका पत्रकाराने त्यांचं कुटुंब मूळचं ज्यू असल्याचं शोधून काढलं. प्रागमध्ये जन्मलेल्या, कॅथलिक म्हणून वाढलेल्या, साठीच्या उंबरठ्यावरच्या या बाईला आपल्या आजी-आजोबांपैकी तिघे नाझींच्या नरसंहारात गेले हे तेव्हा कळलं. सिनेटर जॉन केरी यांना बोस्टनमध्ये सगळे आयरिश समजायचे. २००३ मध्ये वंशावळीच्या अभ्यासकाने दाखवलं की १९०५ मध्ये आलेल्या त्यांच्या आजोबांचं मूळ नाव फ्रिट्झ कोन होतं आणि त्यांनी धर्म व नाव दोन्ही बदललेलं होतं. २००६ मध्ये व्हर्जिनियाचे सिनेटर जॉर्ज ऍलन भर वादसभेत आईच्या ज्यू वारशाबद्दल विचारल्यावर भडकले. आईने ती गोष्ट आयुष्यभर लपवली होती आणि मुलाला जेमतेम महिन्याभरापूर्वी सांगितली होती.

अशा कुटुंबांत मौन हे बहुधा भीतीतून आलेलं असतं. ट्यूनिसमध्ये ऍलन यांच्या आजोबांना नाझींनी अटक केली होती. त्या लेकीने मुलांना न सांगणं यात कुठला राजकीय डाव नव्हता. म्हणून ‘नेत्याने लपवलं’ असं लिहिण्याआधी मी तीन गोष्टी वेगळ्या करते: त्याला माहीत होतं का, कधीपासून माहीत होतं, आणि माहीत असताना तो उलटं काही बोलला का. तिसऱ्याचा पुरावा नसेल, तर बातमी वारशाची आहे, खोटेपणाची नाही.

मग विचारणं बरोबर की चूक? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नेत्याने स्वतः तो वारसा मतं, पद किंवा सहानुभूती मिळवण्यासाठी पुढे केला असेल, तर विचारा, कागद मागा. त्याने काही दावाच केलेला नसेल आणि दिसण्यावरून, आडनावावरून तुम्ही त्याच्याकडे पुरावा मागत असाल, तर ओझं चुकीच्या खांद्यावर आहे. ओबामांनी २००८ मध्ये होनोलुलूचा जन्मदाखला दाखवला, २७ एप्रिल २०११ ला त्याची सविस्तर प्रतही दिली. दर कागदानंतर नवीन शंका निघाली. ज्या प्रश्नाला कुठलाच कागद पुरत नाही, तो प्रश्न कागदाचा नसतोच. ट्रम्प यांनी ओबामा अमेरिकेत जन्मले हे जाहीरपणे मान्य केलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये.

आणि काही वेळा मला स्वतःला ठरवायला वेळ लागतो. जुलै २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे तेव्हाचे उमेदवार झोहरान ममदानी यांनी २००९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अर्जावर ‘आशियाई’ आणि ‘कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन’ अशा दोन चौकटींत खूण केली होती. ते कंपालात जन्मलेले, आईवडील भारतीय वंशाचे, वडिलांच्या घराण्याचं पूर्व आफ्रिकेशी जुनं नातं. अर्जात त्यांनी युगांडा असंही लिहिलं होतं, आणि त्यांना प्रवेश मिळालाच नाही. अमेरिकेत ‘आफ्रिकन अमेरिकन’ या शब्दामागे गुलामगिरीचा इतिहास आहे, म्हणून त्या खुणेवर तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांनी प्रश्न विचारणं मला समजतं. पण ही माहिती विद्यापीठाच्या प्रणालीत घुसून चोरलेल्या कागदांमधून आली होती आणि खूण करणारा तेव्हा शाळकरी मुलगा होता. मला कोणी हे काम दिलं असतं तर मी नकार दिला असता. माझे काही सहकारी याबाबत माझ्याशी सहमत नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे: उमेदवाराने स्वतः भरलेला अर्ज हा प्रगणकाच्या अक्षरापेक्षा वेगळा कागद आहे.

पुढच्या वेळी अशी एखादी नोंद तुमच्यापुढे आली, तर आधी ती कोणत्या साली केली गेली ते पाहा. मग त्या साली त्या रकान्यात कोणकोणते पर्याय चालत होते ते शोधा. जनगणनेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि प्रगणकांना दिलेल्या सूचना सार्वजनिक आहेत. आणि शक्य असेल तर मूळ पानाचं छायाचित्र मिळवा, नुसती टंकलिखित यादी नको. नावानिशी पानं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतची बघायला मिळतात. त्या वर्षीच्या पानांवर माहिती कोणाकडून घेतली हे नेहमी कळत नाही, पण १९४० च्या पानांवर माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते. ती फुली कोणाच्या नावापुढे आहे, हे मी वंशाचा रकाना वाचण्याआधी बघते.